वाचकांचे प्रश्न: अॅड्रेनॅलिन, नॉरअॅड्रेनॅलिन, डोपामिन एचपीएलसीवर पकडायचे कसे?

गेल्या अंकात फिओक्रोमोसायटोमावर, म्हणजे अॅड्रेनल ग्रंथीतल्या एका दुर्मिळ गाठीवर लेख आला होता, आणि त्यात ओझरतं एवढंच म्हटलं होतं की ही गाठ जी कॅटेकोलामाइन्स (अॅड्रेनॅलिन, नॉरअॅड्रेनॅलिन, डोपामिन) सोडते ती रक्तात किंवा लघवीत मोजून निदान करतात. त्या एका वाक्यावर भरपूर प्रश्न आले. काही लॅबमधल्या मुलामुलींचे, काही ज्यांच्या घरात कुणालातरी ही टेस्ट सांगितलीय त्यांचे. दोन्ही एकत्रच घेतेय, कारण लघवी बाटलीत कशी गोळा केली आणि एचपीएलसीच्या, म्हणजे द्रावणातले पदार्थ एका भरलेल्या नळीतून (कॉलम) ढकलून वेगळे करणाऱ्या यंत्राच्या, कॉलमवर पीक (पदार्थ बाहेर पडल्याची आलेखावरची टेकडी) कसं आलं ही एकाच कामाची दोन टोकं आहेत, आणि पहिलं टोक बिघडलं की दुसऱ्या टोकाला कितीही भारी मशीन लावा, काही उपयोग नाही.

प्रश्न: मॅडम, एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला तिन्ही कॅटेकोलामाइन्स वेगळी करायची आहेत. १५ सेंटीमीटरचा सी-१८ कॉलम, पाणी-मिथेनॉल, यूव्ही डिटेक्टर २८० नॅनोमीटरला. तिन्हींचं मिळून एकच पीक येतं तेही दीड मिनिटाला. मिथेनॉल कमी करत करत शून्यावर आणलं तरी फारसा फरक नाही. कॉलम खराब असेल का?

कॉलम बिचारा ठीक असणार. तुमचा कॉलम नेहमीचा ४.६ मिलिमीटर व्यासाचा आणि फ्लो मिनिटाला १ मिली असेल तर कॉलमच्या आतली मोकळी जागा साधारण दीड मिलीची असते, म्हणजे दीड मिनिटाला जे बाहेर येतं ते कॉलमला चिकटलेलंच नसतं, नुसतं पाण्याबरोबर वाहून गेलेलं असतं. ह्या तिन्ही रेणूंना अमाइन आहे आणि पीएच ८ च्या खाली कुठेही तो प्रोटॉन घेऊन धन चार्ज घेऊन बसलेला असतो, वर रिंगवर दोन ओएच, नॉरअॅड्रेनॅलिन आणि अॅड्रेनॅलिनला साखळीवर आणखी एक ओएच. इतका पाण्यावर प्रेम करणारा रेणू सी-१८ च्या तेलकट पृष्ठभागावर थांबणार कशाला?

त्याला थांबवायचं तर मोबाइल फेजमध्ये, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात, आयन-पेअर रीएजंट घाला, बहुतेक जण सोडियम ऑक्टेन सल्फोनेट वापरतात. त्याची आठ कार्बनची शेपटी सी-१८ मध्ये रुतते आणि ऋण चार्जचं सल्फोनेट टोक बाहेर राहतं, त्यामुळे कॉलमच्या पृष्ठभागावर ऋण चार्जचा थर तयार होतो आणि तुमची धन चार्जवाली अमाइन्स त्याला धरून थांबतात. सुरुवात १ ते २ मिलीमोलरपासून करा, सोबत ५० ते १०० मिलीमोलर फॉस्फेट किंवा सायट्रेट बफर, पीएच ३ ते ४ च्या मध्ये, ईडीटीए (धातूंचे आयन धरून ठेवणारं) थोडंसं, आणि मिथेनॉल ५ ते १० टक्के. मग आधी नॉरअॅड्रेनॅलिन, त्यानंतर अॅड्रेनॅलिन, शेवटी डोपामिन असा क्रम दिसेल. कारण सोपं आहे, अॅड्रेनॅलिनला नॉरअॅड्रेनॅलिनपेक्षा एक मिथाइल जास्त, म्हणून ते थोडं अधिक थांबतं, आणि डोपामिनला तो साखळीवरचा ओएच नाहीच, म्हणून ते सगळ्यात जास्त चिकटतं.

आता जे बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकतात ते जरा सावकाश सांगते, कारण मेथड हातात येते ती इथेच. तुमच्याकडे तीन कळा आहेत आणि प्रत्येक कळ वेगळ्यांना हलवते. ऑक्टेन सल्फोनेट वाढवलं की अमाइन्स मागे सरकतात, म्हणजे उशिरा बाहेर येतात, पण डोपॅक, होमोव्हॅनिलिक आम्ल असे जे डोपामिन मोडून बनणारे आम्लधर्मी मेटाबोलाइट आहेत ते जवळपास जागच्या जागी राहतात किंवा किंचित पुढेच येतात. पीएच हलवला की उलटं होतं, अमाइन्सना ३ काय आणि ५ काय, चार्ज तोच, पण आम्लांचा कार्बॉक्सिल गट पीएच ४ च्या आसपास चार्ज घ्यायला लागतो म्हणून पीएच वाढवला की आम्लं लवकर बाहेर पडतात आणि कमी केला की रेंगाळतात. आणि मिथेनॉल वाढवलं की सगळेच घाईला येतात. त्यामुळे डोपामिन आणि डोपॅक एकमेकांवर चढले असतील तर मिथेनॉलशी खेळत बसू नका, पीएच ०.२ ने हलवून बघा, दोघांतला एकच हलेल.

फक्त धीर धरा. आयन-पेअर रीएजंट कॉलमवर बसायला वेळ लागतो, पहिल्या दिवशी रिटेन्शन टाइम (पीक येण्याची वेळ) सरकत राहिला म्हणून लगेच मोबाइल फेज बदलू नका, तासन् तास वाहू द्या, दोन लागोपाठच्या इंजेक्शनचे टाइम जुळले की मगच कामाला लागा. ग्रेडियंटच्या, म्हणजे रन चालू असताना मोबाइल फेज बदलत नेण्याच्या, नादी लागू नका, प्रत्येक रनमध्ये तो थर उठणार आणि पुन्हा बसणार, काही जुळणार नाही. कॉलम ह्याच कामाला राखून ठेवा. आणि फॉस्फेटवरून थेट शंभर टक्के मिथेनॉल किंवा अॅसिटोनायट्राइलवर जाऊ नका, मीठ कॉलमच्या आतच साचेल, आधी थोडं मिथेनॉल घातलेल्या पाण्याने धुवा.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवते. यूव्हीवर तुम्ही स्टँडर्ड छान वेगळी कराल, औषधाच्या इंजेक्शनमधलं अॅड्रेनॅलिनही मोजाल, पण प्लाझ्मा जमणार नाही. आडव्या, शांत पडलेल्या निरोगी माणसाच्या प्लाझ्मात नॉरअॅड्रेनॅलिन मिलीला काही शे पिकोग्रॅम असतं आणि अॅड्रेनॅलिन काही दहा. तुमचं मिलीला १ मायक्रोग्रॅमचं स्टँडर्ड त्याच्या हजारो पट आहे.

प्रश्न: मग प्लाझ्मासाठी इलेक्ट्रोकेमिकल डिटेक्टर लावला. पण बेसलाइन कधी स्थिरच होत नाही, सकाळी सुरू केलं की दुपारपर्यंत खाली खाली येत राहते आणि वर काट्यासारखे स्पाइक. सगळे म्हणतात मास स्पेक (रेणू वजनावरून ओळखणारं यंत्र) घ्या, हे जुनं झालं.

जुनं झालं हे मला पटत नाही. अॅडम्स आणि किसिंजर ह्यांच्या गटाने १९७३ मध्ये एचपीएलसीला इलेक्ट्रोड जोडून पिकोग्रॅमची पातळी गाठून दाखवली, आणि त्यामागचा विचार आजही तितकाच सुंदर वाटतो. कॅटेकोल रिंग हवेतल्या ऑक्सिजनने सुद्धा बिघडते, दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन देऊन क्विनोन होते, सॅम्पल टिकत नाही ते ह्यामुळेच. त्यांनी तीच दुखरी बाजू सिग्नल म्हणून वापरली. ग्लासी कार्बनच्या इलेक्ट्रोडला सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेत ०.६ ते ०.७ व्होल्ट दिले की जाता जाता रेणू इलेक्ट्रॉन सोडतो आणि तो करंट तुम्ही मोजता. प्लाझ्मात हजारो पदार्थ असतात पण इतक्या कमी व्होल्टेजला इलेक्ट्रॉन देणारे त्यातले थोडेच.

आता बेसलाइन. सकाळी करंट जास्त आणि हळूहळू उतरतो हा दोष नाही, इलेक्ट्रोडचा स्वभावच तो. म्हणून ज्यांना रोज काम असतं ते सेल रात्री बंद करतच नाहीत, पंप अगदी मंद फ्लोवर चालू ठेवतात, तेवढ्याने तुमची अर्धी तक्रार मिटेल. स्पाइकसाठी आधी बुडबुडे बघा, मोबाइल फेज डिगॅस केलाय का, सेलच्या कोपऱ्यात हवा अडकलीय का. नॉइज पंपाच्या स्ट्रोकच्या तालात येत असेल तर पंप थोडा वेळ थांबवून बघा, नॉइज गेला तर दोष पंपाचा, चेक व्हॉल्व्ह आणि सील बघा, गेला नाही तर वायरिंग, अर्थिंग किंवा रेफरन्स इलेक्ट्रोड. ह्यातलं काहीच नसेल आणि बॅकग्राउंड सरसकट जास्त असेल तर माझा पहिला संशय धातूंच्या आयनांवर, विशेषतः लोहावर. पाणी चांगलं घ्या, बफरची रसायनं शुद्ध घ्या, ईडीटीए ०.१ मिलीमोलरपर्यंत ठेवा. स्टीलच्या नळ्या नायट्रिक आम्लाने पॅसिव्हेट करता येतात पण तेव्हा कॉलम आणि सेल दोन्ही काढून ठेवायचे, हे विसरू नका.

आणि व्होल्टेज मॅन्युअलमधून उचलू नका. एकच स्टँडर्ड पुन्हा पुन्हा इंजेक्ट करा, दर वेळी ५० मिलिव्होल्टने वाढवत जा आणि पीकची उंची कागदावर मांडा. आधी काही नाही, मग भराभर चढेल, मग सपाट होईल. जिथे वळून सपाट व्हायला लागते तिथे थांबा. त्याच्यापुढे पीक वाढत नाही, नॉइज मात्र वाढत जातो. कॅटेकोलपेक्षा मेटानेफ्रिनना (कॅटेकोलामाइन्सपासून शरीरात बनणारे रेणू) जास्त व्होल्टेज लागतं, त्यांचा एक ओएच मिथाइलने झाकलेला असतो, म्हणून दोघांसाठी वेगळे आलेख काढावे लागतील.

कूलोमेट्रिक सेल मिळाला तर आणखी मजा आहे. त्यात मोबाइल फेज सच्छिद्र ग्रॅफाइटमधून जातो आणि जवळपास सगळाच रेणू प्रतिक्रिया देतो, पहिल्या इलेक्ट्रोडवर ऑक्सिडाइझ करायचं आणि दुसऱ्यावर उलट व्होल्टेज देऊन परत आणायचं. कॅटेकोल परत येतात, बरीचशी इतर घाण परत येत नाही. दुसऱ्या इलेक्ट्रोडचं क्रोमॅटोग्राम किती स्वच्छ दिसतं ते एकदा बघाच.

प्रश्न: अॅल्युमिनाने एक्स्ट्रॅक्शन करतो. कॅटेकोलामाइन्सची रिकव्हरी चांगली, पण त्याच सॅम्पलमध्ये मेटानेफ्रिन घातलं तर रिकव्हरी शून्य. तीनदा केलं.

चौथ्यांदा पण शून्यच येणार. अॅल्युमिना धरतो ते शेजारशेजारच्या दोन ओएचना, पीएच ८.६ ला. १९६२ मध्ये अँटन आणि सायर ह्यांनी ही पद्धत नीट बसवली तेव्हापासून तिची ताकद हीच आहे आणि मर्यादाही हीच. मेटानेफ्रिनमध्ये त्यातला एक ओएच झाकला गेलाय, मग पकड राहिलीच नाही. त्यांच्यासाठी कॅटायन एक्स्चेंजची एसपीई (सॉलिड फेज एक्स्ट्रॅक्शन) घ्या.

अॅल्युमिना वापरताना एक सांभाळा, ८.६ ला कॅटेकोल भराभर खराब होतात, म्हणजे ज्या पीएचला पकड बसते त्याच पीएचला माल नासतोय. ट्रिस बफर शेवटी घाला, घातला की लगेच हलवायला लावा, काही मिनिटांत उरका, धुवा आणि आम्लात सोडवून घ्या. इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे हिशोबासाठी ठरावीक मापाने घातलेला सोबतीचा रेणू, म्हणून डायहायड्रॉक्सीबेन्झिलअमाइन प्लाझ्मातच, अॅल्युमिनाच्या आधी घालायचं. तोही कॅटेकोल आहे, त्यामुळे जितकं नुकसान तुमच्या रेणूचं तितकंच साधारण त्याचंही होतं, आणि कॉलमवर तो अॅड्रेनॅलिन आणि डोपामिनच्या मधल्या रिकाम्या जागेत येतो. एक्स्ट्रॅक्शन झाल्यावर घालत असाल तर तो फक्त इंजेक्शनचा हिशोब ठेवतो, हरवलेल्या मालाचा नाही.

प्रश्न: आमच्या स्टँडर्डचं द्रावण दोन दिवसांत गुलाबी झालं. वापरावं का?

नाही. गुलाबी रंग अॅड्रेनोक्रोमचा, म्हणजे अॅड्रेनॅलिनचं ऑक्सिडेशन होऊन रिंग बंद झालेली. आणखी ठेवलं तर तपकिरी होईल. साध्या पाण्यात कधी बनवू नका, ०.१ मोलर पर्क्लोरिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्लात बनवा, गडद बाटली, चिमूटभर सोडियम मेटाबायसल्फाइट, स्टॉक डीप फ्रीजरमध्ये आणि पातळ स्टँडर्ड रोजच्या रोज ताजं. जाता जाता, वजन करताना बाटलीवरचं मीठ वाचा. नॉरअॅड्रेनॅलिन बरेचदा बायटार्ट्रेट मोनोहायड्रेट म्हणून मिळतं, त्याचं रेणूवजन ३३७ आणि खऱ्या नॉरअॅड्रेनॅलिनचं १६९, म्हणजे १ मिलिग्रॅम तोललं तर त्यात अर्धाच मिलिग्रॅम कामाचा. हे न बघितल्याने सगळे रिझल्ट दुपटीने चुकतात आणि कॅलिब्रेशनची रेघ मात्र अगदी सरळ येते, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

प्रश्न: वडिलांचं बीपी अचानक खूप वाढतं, घाम, धडधड, डोकेदुखी. डॉक्टरांनी २४ तासांची लघवी सांगितली. लॅबने दिलेल्या कॅनमध्ये आधीच काहीतरी पाणी आहे, ते ओतून टाकायचं का? आणि साधी रक्ताची टेस्ट करून अॅड्रेनॅलिन का नाही बघत?

अजिबात ओतू नका, ते आम्ल आहे. वर वाचलंत ना, हे रेणू अल्कधर्मी किंवा उदासीन द्रावणात टिकत नाहीत, लघवी चोवीस तास बाहेर राहणार, म्हणून तिचा पीएच ४ च्या खाली ठेवायला हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात. त्यात थेट लघवी करायची नाही, अंगावर उडून भाजू शकतं, आधी वेगळ्या भांड्यात करा आणि मग सावकाश कॅनमध्ये ओता. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, ती वेळ लिहून ठेवायची, तिथून पुढची प्रत्येक वेळची गोळा करायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची शेवटची पण त्यात घ्यायची. मधली एखादी चुकून टॉयलेटमध्ये गेली तर लपवू नका, लॅबला सांगा, पुन्हा गोळा करायला लागेल पण चुकीचा रिपोर्ट येण्यापेक्षा ते बरं. काही लॅब आम्लाशिवायचा कॅन देतात, त्यांची पद्धत वेगळी असते, तेव्हा ज्या लॅबची टेस्ट तिच्याच सूचना पाळा.

वडील कुठली औषधं घेतात त्याची पूर्ण यादी डॉक्टरांना आणि लॅबला द्या, सर्दीची आणि दुखण्याची साधी गोळीसुद्धा. पॅरासिटामॉल काही इलेक्ट्रोकेमिकल पद्धतींमध्ये मेटानेफ्रिनच्या पीकमध्ये घुसतं. डिप्रेशनची ट्रायसायक्लिक औषधं आणि नाक मोकळं करणारी काही औषधं शरीरातली पातळीच बदलतात, तिथे कितीही चांगलं मशीन असलं तरी वाचवणार नाही. पण कुठलंही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका, बीपीचं तर नाहीच. केळ्यात डोपामिन असतं, लॅबने केळी आणि कॉफी टाळायला सांगितली असेल तर तेवढं मनापासून पाळा.

आता रक्ताचं. अॅड्रेनॅलिन रक्तात दोन-एक मिनिटांत निम्मं होतं आणि गाठ ते सतत सोडतच असेल असं नाही, कधी झटका येतो कधी तासन् तास शांत. नेमकी शांत वेळी सुई टोचली तर आकडा नॉर्मल. पण गाठीच्या पेशीच्या आत कॉम्ट नावाचं एन्झाइम असतं, ज्युलियस अॅक्सलरॉड ह्यांनी १९५० च्या दशकात शोधलेलं, ते पेशीतच गळत राहणाऱ्या अॅड्रेनॅलिनचं मेटानेफ्रिन आणि नॉरअॅड्रेनॅलिनचं नॉरमेटानेफ्रिन करत राहतं, झटका असो नसो. म्हणून २०१४ च्या एंडोक्राइन सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पहिली टेस्ट म्हणून प्लाझ्मातली फ्री मेटानेफ्रिन्स किंवा लघवीतली फ्रॅक्शनेटेड मेटानेफ्रिन्स सांगितली आहेत. नुसतं अॅड्रेनॅलिन नाही. तुमच्या वडिलांच्या चिठ्ठीवर नेमकं कुठलं नाव आहे ते एकदा वाचून घ्या.

रक्ताची टेस्ट झालीच तर त्यांना २० ते ३० मिनिटं आडवं पडू द्यायला सांगा. लाजू नका, लॅबमध्ये गर्दी असली तरी सांगा. नुसतं उभं राहिल्याने काही मिनिटांत नॉरअॅड्रेनॅलिन दुपटीच्या आसपास जातं, आणि मग बसून घेतलेल्या रक्तात नॉरमेटानेफ्रिन थोडं वाढलेलं दिसतं आणि माणूस विनाकारण स्कॅनच्या रांगेत उभा राहतो. नीट घेतलेली टेस्ट नॉर्मल आली तर गाठ असण्याची शक्यता खूपच कमी होते. थोडी वाढलेली आली तर मात्र लगेच घाबरायचं नाही, खोट्या पॉझिटिव्ह बऱ्याच येतात, डॉक्टर पुन्हा करायला सांगतील.

प्रश्न: मास स्पेक जर वजनावरून ओळखतं तर कॉलम हवाच कशाला?

मस्त प्रश्न. अॅड्रेनॅलिन आणि नॉरमेटानेफ्रिन कागदावर काढून बघा. अॅड्रेनॅलिनमध्ये मिथाइल नायट्रोजनवर आहे, नॉरमेटानेफ्रिनमध्ये ऑक्सिजनवर, बाकी तेच. ९ कार्बन, १३ हायड्रोजन, १ नायट्रोजन, ३ ऑक्सिजन, दोन्हींचं सूत्र एक, वजन एक. मास स्पेकला दोघंही १८४ दिसतात, दोघंही पाणी टाकून १६६ होतात. पुढे तुकडे वेगळे पडतात, पण अॅड्रेनॅलिन भरपूर असलेल्या सॅम्पलमध्ये त्या फरकावर एकट्यावर विसंबायला मी तयार नाही, कॉलमवर दोघं वेगळे झालेच पाहिजेत. शिवाय लघवीतलं मीठ आणि इतर पदार्थ त्याच वेळी बाहेर आले तर आयनायझेशन दाबलं जातं, ते कॉलमनेच दूर ठेवायचं आणि उरलेल्यासाठी ड्युटेरियमवालं इंटर्नल स्टँडर्ड.

आणि इथे आपलं ऑक्टेन सल्फोनेट चालत नाही, ते उडून जात नाही, सोर्समध्ये साचतं आणि सिग्नल मारून टाकतं. फॉस्फेटही नाही. म्हणून एचआयएलआयसी (पाण्यावर प्रेम करणाऱ्या पृष्ठभागाचा) किंवा पेंटाफ्लुओरोफिनाइल कॉलम, आणि फॉर्मिक आम्ल-अमोनियम फॉर्मेट. एचआयएलआयसीला सॅम्पल पाण्यात घातलं की पीक पसरतं, सुरुवातीच्या मोबाइल फेजइतकंच अॅसिटोनायट्राइल सॅम्पलमध्येही ठेवा.

प्रश्न: लघवीतलं डोपामिन मोजून डिप्रेशन किंवा स्ट्रेस कळतो असं सांगणारं पॅकेज घेऊ का?

घेऊ नका. रक्तातलं डोपामिन मेंदूत शिरत नाही आणि लघवीतलं बरंचसं डोपामिन मूत्रपिंडातच तयार झालेलं असतं, मेंदूत काय चाललंय ते त्यावरून सांगता येत नाही. पीक अगदी खरं असेल, मोजमापही बरोबर असेल, पण त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा. मन बरं नसेल तर ते पैसे डॉक्टरांकडे जायला वापरा, खरंच सांगतेय.

प्रश्न: एका लॅबच्या रिपोर्टमध्ये मेटानेफ्रिन ७९ आणि दुसरीच्या ०.४. गाठ गेली का?

युनिट बघा. पहिल्यात मिलीला पिकोग्रॅम असेल, दुसऱ्यात लिटरला नॅनोमोल. मेटानेफ्रिनचं रेणूवजन १९७, ०.४ ला १९७ ने गुणलं की ७९ च्या जवळच येतं, म्हणजे दोन्ही रिपोर्ट एकच गोष्ट सांगताहेत. नॉरमेटानेफ्रिनसाठी १८३ ने गुणा. आणि आकडा त्याच रिपोर्टवरच्या रेंजशी ताडून बघा, दुसऱ्या लॅबच्या रेंजशी नको, पद्धत वेगळी असेल तर रेंजही वेगळी असते.